क्लोन केलेली हार्ड डिस्क चालू का होत नाही?

जुन्या हार्ड डिस्कवरील सगळा मजकूर, विंडोजसकट, नव्या एसएसडीवर (चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवर) जसाच्या तसा उतरवून घेणे म्हणजे डिस्क क्लोन करणे. हे काम आता घरच्या घरी करता येते आणि त्यासाठी लागणारे प्रोग्रामही सहज मिळतात. काम संपल्याचा संदेश येतो, नवी डिस्क जुनीच्या जागी बसवली जाते, संगणक सुरू केला जातो आणि काळ्या पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ अशा अर्थाची एक ओळ दिसते. क्लोन बिघडला असावा असे समजून बहुतेक जण तेच काम पुन्हा करतात, आणि पुन्हा तीच ओळ पाहतात. अशा बहुतेक प्रसंगी माहिती नव्या डिस्कवर पूर्ण आणि शाबूत असते. जुळत नसते ती त्या माहितीपर्यंत पोहोचवणारी ओळख, म्हणजे कोणत्या डिस्कवर, तिच्या कोणत्या पार्टिशनमध्ये, म्हणजे भागात, विंडोज आहे याची संगणकाने ठेवलेली नोंद. ही नोंद कोठे कोठे असते हे समजले की दोष शोधणे बरेच सोपे होते, म्हणून आधी संगणक सुरू कसा होतो ते पाहू.

सुरू होण्याची साखळी

बटण दाबल्यावर सर्वांत आधी मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम चालू होतो. जुन्या संगणकांत तो बायोस असे. नव्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, तरी बोलताना दोन्हींना बायोसच म्हटले जाते. हा प्रोग्राम डिस्कवरील बूट फाईल शोधतो, ती बूट फाईल विंडोज कोणत्या पार्टिशनमध्ये आहे हे बीसीडी नावाच्या नोंदवहीत पाहते, त्यानंतर विंडोजचा गाभा आणि डिस्क वाचण्यासाठी लागणारे ड्रायव्हर मेमरीत येतात, आणि शेवटी विंडोज आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या संग्रहात, पाहून ‘सी’, ‘डी’ ही अक्षरे पार्टिशनांना देते. या साखळीत डिस्कची किंवा पार्टिशनची ओळख चार ठिकाणी लिहिलेली असते: मदरबोर्डच्या चिपमध्ये, डिस्कच्या पार्टिशन तक्त्यात, बीसीडीमध्ये आणि रजिस्ट्रीत. शेवटच्या तीन नोंदी डिस्कवरच असल्यामुळे त्या क्लोनबरोबर येतात, चिपमधली नोंद मात्र येत नाही. आणि ज्या तीन येतात त्या मुळात जुन्या डिस्कविषयी लिहिलेल्या असतात. चांगला क्लोनिंग प्रोग्राम एक तर जुन्या डिस्कचे ओळखक्रमांक नव्या डिस्कवर तसेच ठेवतो, किंवा नवे क्रमांक देऊन बीसीडीतल्या नोंदी त्यांच्याप्रमाणे बदलतो. अडचण येते ती यातले एक अर्धवट झाले की.

डिस्कवर कोणते पार्टिशन कोठे आहे हे सांगणारा पार्टिशन तक्ता दोन प्रकारचा असतो, आणि आपल्या डिस्कवर कोणता आहे हे माहीत असल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये. एमबीआर ही १९८३ पासून चालत आलेली पद्धत आहे. तिच्यात डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कच्या छोट्या कप्प्यात, बूटचा छोटा प्रोग्राम, डिस्कची ४ बाइटची ओळखखूण आणि जास्तीत जास्त ४ मुख्य पार्टिशनांची नोंद एवढे सगळे कोंबलेले असते, आणि ५१२ बाइटचे सेक्टर असलेल्या डिस्कवर सुमारे २.२ टेराबाइटपुढची जागा तिला मोजता येत नाही. जीपीटी ही तिच्यानंतरची पद्धत यूईएफआयसोबत वापरली जाते. तिच्यात विंडोज १२८ पार्टिशनांपर्यंत नोंद ठेवू शकते, प्रत्येक पार्टिशनला १२८ बिटांचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो आणि संपूर्ण तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या नावावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या आणि व्हॉल्यूम्स या भागात पाहिले की डिस्क एमबीआर आहे की जीपीटी हे तेथेच लिहिलेले दिसते.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी

या लेखातली एकच सूचना लक्षात ठेवायची असेल, तर ती ही: क्लोन पूर्ण झाल्यावर संगणक पूर्ण बंद करावा, जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि नवी डिस्क पहिल्यांदा एकटीच जोडून सुरू करावी. दोन्ही डिस्क एकत्र ठेवून ‘चालते का पाहू’ असे केले की त्यातून होणारा गोंधळ फार फसवा असतो, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो.

क्लोननंतर दोन्ही डिस्कची ओळखखूण एकच असू शकते. एकच ओळखखूण असलेल्या दोन डिस्क विंडोज एकाच वेळी चालू ठेवत नाही. त्यातली एक ती ‘ऑफलाइन’ करते आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये सिग्नेचर कोलिजन, म्हणजे ओळखखुणांची टक्कर, असे कारण दाखवते. पाहणाऱ्याला वाटते की डिस्कमध्ये काही बिघाड आहे, म्हणून तो उजवे क्लिक करून ती ‘ऑनलाइन’ करतो. त्या क्षणी विंडोज त्या डिस्कला नवी ओळखखूण देते. डिस्क दिसू लागते, फाईली उघडतात, पण तिच्यातल्या बीसीडीमध्ये जुनीच ओळखखूण लिहिलेली राहते, आणि नंतर त्याच डिस्कवरून संगणक सुरू करायला गेले की विंडोज सापडत नाही. ही डिस्क आदल्या दिवशी व्यवस्थित चालू होत असली तरीही असे होते, आणि कारण लक्षात न आल्याने दोष नव्या डिस्कच्या माथी मारला जातो.

दुसरा घोटाळा अक्षरांचा आहे आणि तो अधिक खोल जातो. कोणत्या पार्टिशनला कोणते अक्षर द्यायचे हे विंडोज रजिस्ट्रीतल्या माउंटेड डिव्हाइसेस या भागात लिहून ठेवते. एमबीआर डिस्कसाठी तेथे डिस्कची ओळखखूण आणि पार्टिशन कोठून सुरू होते ती जागा लिहिलेली असते, जीपीटी डिस्कसाठी पार्टिशनचा ओळखक्रमांक असतो. ही नोंद क्लोनमध्ये जशीच्या तशी येते. क्लोन करताना नव्या डिस्कला नवे क्रमांक मिळाले असतील आणि पहिल्या वेळी जुनी डिस्कही जोडलेली असेल, तर नव्या डिस्कवरून सुरू झालेली विंडोज नोंदीप्रमाणे ‘सी’ हे अक्षर जुन्या डिस्कलाच देऊ शकते आणि स्वतःच्या पार्टिशनला दुसरे एखादे अक्षर घेते. मग सुरुवात नव्या डिस्कवरून होते, पण प्रोग्राम, वापरकर्त्याच्या फाईली आणि सेटिंग जुन्या डिस्कवरून वाचल्या जातात. सगळे चालते आहे असे वाटून माणूस जुनी डिस्क काढतो किंवा पुसून टाकतो, आणि पुढच्या वेळी लॉगिननंतर पडदा काळाच राहतो किंवा विंडोज तात्पुरते प्रोफाइल उघडते.

असे झाले असेल आणि जुनी डिस्क अजून शाबूत असेल, तर सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे जुन्या डिस्कवरून संगणक सुरू करून क्लोन नव्याने घेणे आणि या वेळी नवी डिस्क एकटीच जोडून सुरू करणे. रजिस्ट्रीतील माउंटेड डिव्हाइसेसमधल्या नोंदी हाताने दुरुस्त करता येतात, पण सवय नसलेल्याने त्या वाटेला जाऊ नये, कारण तेथे एक चूक झाली तर आधी चालणारी विंडोजही बंद पडते.

कोठे अडले ते पाहून दोष ओळखणे

नवी डिस्क एकटी जोडून संगणक सुरू केला आणि तरीही अडले, तर पडद्यावर नेमके काय दिसते ते नीट पाहावे, शक्य असल्यास त्याचा फोटो घ्यावा. साखळीतील कोणती कडी तुटली आहे ते अडण्याच्या जागेवरून कळते.

बायोसच्या यादीत डिस्कचे नावच दिसत नसेल, तर प्रश्न क्लोनचा नाही, जोडणीचा आहे. साटा, म्हणजे केबलने जोडायच्या नेहमीच्या प्रकारची, डिस्क असेल तर केबल आणि पोर्ट बदलून पाहावे. एम.२ प्रकारची, म्हणजे मदरबोर्डवरच्या खाचेत थेट बसणारी, एसएसडी असेल तर तिचा आणि खाचेचा प्रकार जुळतो का हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत तपासावे, कारण एम.२ खाच दिसायला सारखी असली तरी काही खाचा फक्त एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणीच्या) डिस्क घेतात आणि काही फक्त साटा. काही मदरबोर्डांवर एम.२ खाच वापरात आली की एखादे साटा पोर्ट आपोआप बंद होते, आणि मग नव्या डिस्कऐवजी दुसरीच डिस्क गायब झालेली दिसते.

डिस्क यादीत दिसते, पण बूट डिव्हाइस नाही असा संदेश येतो, ही सर्वांत अधिक आढळणारी अवस्था आहे. तिची तीन कारणे तपासावीत.

पहिले कारण म्हणजे फक्त ‘सी’ पार्टिशनच क्लोन झालेले असणे. विंडोज १० किंवा ११ असलेल्या जीपीटी डिस्कवर सी शिवाय आणखी काही लहान पार्टिशन असतात: साधारण १०० मेगाबाइट किंवा त्याहून थोडे मोठे, फॅट३२ प्रकारचे ईएफआय सिस्टम पार्टिशन, १६ मेगाबाइटचे एक राखीव पार्टिशन आणि काही शे मेगाबाइटचे रिकव्हरी पार्टिशन. त्यांना अक्षर नसल्यामुळे फाईल एक्सप्लोररमध्ये ती दिसत नाहीत, म्हणून निवड करताना ती सुटून जातात. बूट फाईल मात्र सी मध्ये नसतेच, ती ईएफआय पार्टिशनमध्ये असते. तेव्हा क्लोन करताना पार्टिशन निवडण्यापेक्षा संपूर्ण डिस्क निवडावी हे बरे.

दुसरे कारण तक्त्याची पद्धत आणि बायोसची पद्धत जुळत नसणे. एमबीआर डिस्कवरील विंडोज जुन्या, म्हणजे लेगसी किंवा सीएसएम नावाच्या पद्धतीने सुरू होते. जीपीटी डिस्कवरील विंडोज यूईएफआय पद्धतीने. काही प्रोग्राम क्लोन करताना तक्ता बदलतात, काही बदलत नाहीत, आणि अनेक नव्या संगणकांत जुनी पद्धत उपलब्धच नसते. बायोसमध्ये पद्धत बदलून संगणक सुरू झाला तर कारण हेच होते असे समजावे. डिस्क एमबीआर आहे आणि संगणकाला यूईएफआयच हवे आहे अशी स्थिती असेल, तर विंडोज १० च्या २०१७ साली आलेल्या १७०३ या आवृत्तीपासून एमबीआर-टू-जीपीटी नावाचे साधन विंडोजमध्येच मिळते. ते माहिती न पुसता तक्ता बदलते आणि ईएफआय पार्टिशनही तयार करते. डिस्कवर तीनपेक्षा अधिक मुख्य पार्टिशन असतील तर ते काम करत नाही, म्हणून त्यातला फक्त तपासणी करणारा ‘व्हॅलिडेट’ हा पर्याय आधी चालवून पाहावा. बदल झाल्यावर बायोसमध्येही पद्धत यूईएफआय करावी लागते. ते राहिले की साधनालाच दोष दिला जातो.

तिसरे कारण चिपमधली नोंद. यूईएफआय आपल्या चिपमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ या नावाखाली अमुक ओळखक्रमांकाच्या पार्टिशनमधली अमुक फाईल, अशी नोंद ठेवते. नव्या डिस्कवर पार्टिशनचा क्रमांक बदलला असेल तर ही नोंद अस्तित्वात नसलेल्या जागेकडे बोट दाखवते. यासाठी एक तरतूद आहे: कोणतीच नोंद चालली नाही तर यूईएफआय ईएफआय पार्टिशनमधल्या ठरलेल्या फोल्डरात ठरलेल्या नावाची फाईल शोधते, आणि विंडोज सहसा तेथे आपल्या बूट फाईलची एक प्रत ठेवते. म्हणूनच पुष्कळ क्लोन काही न करता चालू होतात. ज्या बायोसमध्ये हा शोध नीट होत नाही, तेथे बूटच्या यादीत जाऊन नवी डिस्क हाताने पहिल्या क्रमांकावर आणावी लागते.

हे तिन्ही तपासूनही बूट फाईल सापडत नसेल, किंवा विंडोजचा निळा पडदा येऊन बूटच्या नोंदी वाचता येत नाहीत असे सांगत असेल, तर बूट फाईली नव्याने लिहिणे हाच सरळ उपाय असतो. त्यासाठी दुसऱ्या संगणकावर विंडोज इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह बनवावा, त्यावरून संगणक सुरू करावा आणि इन्स्टॉल न करता ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ हा पर्याय निवडावा. तेथील स्टार्टअप रिपेअर आधी चालवून पाहायला हरकत नाही. ते अपयशी ठरले तर कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्कपार्ट या पार्टिशन हाताळणाऱ्या साधनाच्या मदतीने ईएफआय पार्टिशनला तात्पुरते एखादे अक्षर द्यावे आणि बीसीडीबूट ही आज्ञा चालवावी. या आज्ञेला तीन गोष्टी सांगायच्या असतात: विंडोजचे फोल्डर कोणत्या अक्षराखाली आहे, बूट फाईली कोणत्या अक्षराच्या पार्टिशनमध्ये लिहायच्या आणि पद्धत यूईएफआय आहे की बायोस. येथे एक सावधगिरी हवी: पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर अक्षरे नेहमीप्रमाणे नसतात, तुमचे ‘सी’ तेथे ‘डी’ किंवा ‘ई’ असू शकते, म्हणून त्या अक्षरातल्या फोल्डरांची यादी पाहून विंडोज कोठे आहे याची खात्री करून घ्यावी. अनेक ठिकाणी बूटरेक या जुन्या साधनाची शिफारस केलेली आढळते, पण विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत त्याचा फिक्सबूट हा पर्याय यूईएफआय डिस्कवर पुष्कळदा ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून थांबतो. तेथे वेळ घालवण्यापेक्षा थेट बीसीडीबूट वापरावे असे माझे मत आहे.

विंडोजचे चिन्ह दिसते, टिंबे फिरतात आणि मग ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे लिहिलेला निळा पडदा येतो, तेव्हा बूटपर्यंतच्या कड्या बहुतेक ठीक असतात आणि अडचण ड्रायव्हरची असते. साटा हार्ड डिस्कवरून एनव्हीएमई एसएसडीवर जाताना हे होते, कारण जुन्या डिस्कसोबत एनव्हीएमईच्या ड्रायव्हरची गरज कधी पडलेलीच नसते आणि म्हणून तो सुरुवातीच्याच टप्प्यात लोड होणाऱ्यांच्या यादीत नसतो. यावरचा सोपा उपाय म्हणजे सेफ मोडमध्ये एकदा सुरू करणे. सेफ मोडमध्ये विंडोज सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर व्यापकपणे तपासते, नवी डिस्क ओळखते, आणि त्यानंतर नेहमीच्या पद्धतीने सुरू केल्यावर ती बहुधा अडत नाही. क्लोन करण्याआधीच जुन्या डिस्कवर पुढची सुरुवात सेफ मोडमध्ये होईल असे ठरवून ठेवले आणि मग क्लोन घेतला, तर हा प्रश्न उद्भवण्याआधीच टळतो. मात्र सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड माहीत असायला हवा. डिस्कचा प्रकार तोच असूनही हा निळा पडदा येत असेल, तर बायोसमध्ये साटा डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयवरून रेडवर किंवा उलट बदललेली नाही ना हे पाहावे. बायोसची बॅटरी काढल्यास किंवा सेटिंग मूळ स्थितीत आणल्यास ती नकळत बदलते. विंडोज ७ असेल तर गोष्ट वेगळी आहे: तिच्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळात नव्हताच, तो वेगळा घालावा लागतो.

बाहेरच्या यूएसबी पेटीमुळे होणारे गैरसमज

नवी डिस्क यूएसबीच्या पेटीत, म्हणजे डिस्क बाहेरून जोडण्याच्या डबीत, ठेवून क्लोन करणे सोयीचे असते, पण त्याच पेटीतून संगणक सुरू करून क्लोनची परीक्षा घेऊ नये. घरगुती विंडोज यूएसबीवरून चालण्यासाठी तयार केलेली नसते, त्यामुळे उत्तम क्लोनही तेथे निळा पडदा दाखवू शकतो. परीक्षा घ्यायची ती डिस्क संगणकाच्या आत, तिच्या कायमच्या जागी बसवून.

काही पेट्या आणखी एक गोष्ट करतात, जी बाहेरून कळत नाही. डिस्कचे ५१२ बाइटचे सेक्टर त्या संगणकाला ४०९६ बाइटचे असल्याचे दाखवतात. मोठ्या डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने वापरता याव्यात म्हणून ही युक्ती केली गेली. पार्टिशन तक्त्यात सगळ्या जागा सेक्टरच्या क्रमांकांनी लिहिलेल्या असतात. त्यामुळे अशा पेटीत केलेला क्लोन पेटीत असेपर्यंत व्यवस्थित दिसतो, पण डिस्क आत बसवली की सेक्टरची मापे बदलतात, सगळे क्रमांक चुकीच्या जागा दाखवू लागतात आणि डिस्क रिकामी किंवा ‘रॉ’ दिसते. अशा वेळी फॉरमॅट करायचे का असे विंडोज विचारते. तेथे नकार द्यावा, डिस्क परत त्याच पेटीत घालून फाईली दिसतात का ते पाहावे आणि क्लोन दुसऱ्या पेटीतून किंवा थेट साटा केबलने नव्याने करावा.

क्लोन मध्येच थांबत असेल तर

वर सांगितलेले सर्व दोष मूळ डिस्क निरोगी आहे असे धरून आहेत. क्लोन दर वेळी साधारण त्याच टक्क्यावर थांबतो, किंवा वाचनदोष म्हणून बंद पडतो, तेव्हा जुन्या डिस्कची प्रकृती पाहावी. प्रत्येक डिस्क स्वतःविषयी काही आकडे साठवते, त्यांना स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्राम ते दाखवतो. हार्ड डिस्कसाठी त्यातले तीन महत्त्वाचे आहेत: खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर मोजणारा क्रमांक ५, वाचता न आल्याने निर्णयाविना राहिलेले सेक्टर मोजणारा १९७, आणि दुरुस्त न होणारे सेक्टर मोजणारा १९८. १९७ चा आकडा शून्याहून अधिक असेल आणि वाढत असेल, तर ती डिस्क दर तासाला अधिक बिघडत असण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी. क्रमांक १९९ मात्र वेगळ्या कारणाने वाढतो. तो केबलमधून जाताना बिघडलेल्या माहितीची मोजणी ठेवतो, आणि तेथे बहुतेकदा केबल बदलल्यावर वाढ थांबते.

आजारी डिस्कवर नेहमीचा क्लोन पुन्हा पुन्हा चालवणे धोक्याचे आहे, आणि खराब सेक्टर दुरुस्त करणारी चेकडिस्कची दीर्घ तपासणी चालवणे त्याहूनही धोक्याचे, कारण दोन्हींत ती डिस्क त्याच खराब जागा घासत राहते. अशा डिस्कवरून आधी न बदलता येण्याजोग्या फाईली, म्हणजे छायाचित्रे आणि कागदपत्रे, दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. त्यानंतर पूर्ण क्लोन हवाच असेल तर लिनक्सवर चालणारे जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावे. ते सहज वाचता येणारा भाग आधी घेते, अवघड जागा मागे ठेवते आणि कोणता भाग झाला याची नोंद एका फाईलमध्ये ठेवते, त्यामुळे काम मध्येच थांबवून पुढे तेथूनच सुरू करता येते. माहिती अमूल्य असेल आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर घरी काहीही करू नये. वीज बंद करून ती डिस्क माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी.

बिटलॉकर आणि अर्धवट झोपलेली विंडोज

डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजमधल्या डिस्क एन्क्रिप्शनने, कुलूपबंद असेल तर क्लोन सुरू झाल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. अनेक लॅपटॉपवर हे कुलूप मालकाच्या लक्षात न येता, मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन करताच लागलेले असते, आणि त्या वेळी की सहसा त्याच खात्यात साठवली जाते. क्लोन करण्याआधी ती की शोधून कागदावर उतरवून ठेवावी आणि मगच बिटलॉकर थांबवावे किंवा पूर्ण काढावे. क्लोन नंतर वापरात आला की ते पुन्हा चालू करायला विसरू नये, कारण काही प्रोग्राम कुलूपबंद डिस्कचा क्लोन कुलपाविनाच तयार करतात.

फास्ट स्टार्टअप हे वैशिष्ट्य क्लोनआधी बंद करावे. ते चालू असताना शटडाउन केले तरी विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तेथूनच उठवला जातो. अशा स्थितीत डिस्कवरील फाईलप्रणाली खऱ्या अर्थाने मिटलेली नसते, आणि पेन ड्राइव्हवरून चालवलेला क्लोनझिलासारखा प्रोग्राम ती घ्यायला नकार देतो किंवा क्लोनमध्ये दोष येतो. शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन केले तर त्या एका वेळेपुरता पूर्ण शटडाउन होतो.

सगळे चालते, पण जागा कमी दिसते

५०० गिगाबाइटच्या डिस्कवरून १ टेराबाइटच्या डिस्कवर गेल्यावरही सी तेवढेच दिसते, ही तक्रार दोषाची नाही. क्लोनने पार्टिशनची मापेही जशीच्या तशी आणलेली असतात आणि उरलेली जागा कोणालाच न दिलेली असते. तसेच १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइट दिसते, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. मोकळी जागा सी ला जोडायला गेले की डिस्क मॅनेजमेंटमधला ‘एक्सटेंड’ हा पर्याय पुष्कळदा निष्क्रिय असतो. तो फक्त सी च्या लगेच उजवीकडे मोकळी जागा असेल तरच चालतो, आणि मध्ये रिकव्हरी पार्टिशन येऊन बसलेले असते. जीपार्टेडसारखे साधन पेन ड्राइव्हवरून चालवून रिकव्हरी पार्टिशन डिस्कच्या टोकाला सरकवावे आणि मग सी वाढवावे. काही क्लोनिंग प्रोग्राम हे काम क्लोन करतानाच करून देतात. सेक्टर-दर-सेक्टर क्लोन केला असेल तर जीपीटी तक्त्याची दुसरी प्रतही जुन्या डिस्कच्या मापाप्रमाणे मध्येच कोठेतरी राहते. ती शेवटी हलवू का असे जीपार्टेड विचारते, तेव्हा होकार द्यावा.

नवी एसएसडी अपेक्षेपेक्षा संथ वाटत असेल तर पार्टिशनची सुरुवात तपासावी. विंडोज एक्सपीच्या काळात पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होई, नंतरच्या विंडोजमध्ये ते १ मेगाबाइटपासून, म्हणजे २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होते. जुनी मांडणी तशीच क्लोन झाली असेल तर विंडोजचा ४ किलोबाइटचा एक तुकडा एसएसडीच्या दोन तुकड्यांवर पसरतो आणि प्रत्येक लेखनाला जादा काम पडते. सध्याच्या डिस्कवर हे क्वचितच आढळते, पण वर्षानुवर्षे क्लोन होत आलेल्या विंडोजमध्ये ते सापडते.

लिनक्स वापरणाऱ्यांना हेच प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात येतात. तेथे कोणते पार्टिशन कोठे जोडायचे हे एफएसटॅब या फाईलमध्ये यूयूआयडी या ओळखक्रमांकाने लिहिलेले असते. तंतोतंत क्लोनमध्ये हा क्रमांकही तोच राहतो, त्यामुळे दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना कोणती वापरली जाईल याची खात्री नसते. जुनी डिस्क काढून ठेवणे हाच तेथेही पहिला उपाय, आणि दोन्ही एकत्र वापरायच्या असतील तर एकीचा यूयूआयडी बदलून एफएसटॅब आणि ग्रब (लिनक्सचा बूट प्रोग्राम) यांतल्या नोंदी त्याप्रमाणे सुधाराव्या लागतात.

जुन्या डिस्कचे काय करावे

नवी डिस्क एकटीने काही आठवडे रोजच्या वापरात चालली, विंडोजचे अपडेट तिच्यावर व्यवस्थित झाले, आणि नेहमी न लागणारे प्रोग्राम व जुन्या फाईलीही उघडून पाहिल्या, की मगच जुनी डिस्क पुसण्याचा विचार करावा. तोवर ती संगणकाबाहेर, कोरड्या जागी ठेवावी. तिच्याइतका चांगला बॅकअप त्या वेळी दुसरा नसतो. नंतर ती यूएसबी पेटीतून जोडल्यावर विंडोजने ती ऑफलाइन दाखवली, तर कारण वर आलेच आहे: ओळखखुणांची टक्कर. आता तिच्यावरून संगणक सुरू करायचा नसल्यामुळे ती ऑनलाइन करायला हरकत नाही. डिस्कपार्टमधील ‘क्लीन’ ही आज्ञा निवडलेल्या डिस्कचा पार्टिशन तक्ता तत्काळ आणि पुन्हा न विचारता काढून टाकते, आणि डिस्कचे क्रमांक प्रत्येक जोडणीला बदलू शकतात. म्हणून ती आज्ञा देण्याआधी ‘डिटेल डिस्क’ने डिस्कचे नाव पाहावे, यादीतल्या मापाशी ते ताडून घ्यावे, आणि दोन्ही डिस्क एकाच मापाच्या असतील तर नवी डिस्क काढून, दुसऱ्या संगणकावर हे काम करावे. साध्या क्लीनने माहिती प्रत्यक्षात पुसली जात नाही. डिस्क कोणाला द्यायची असेल तर ‘क्लीन ऑल’ वापरावे, जे प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते आणि मोठ्या हार्ड डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात.